दोन चित्रपट, एकच दिग्दर्शक : याला नवोदितांची पाठराखण म्हणायचे का?

तिसरी_घंटा :
परवा येथे एका सदस्याने लिहिले की, मराठीत नव्या दिग्दर्शकांमागे खऱ्या अर्थाने उभी राहिलेली संस्था एकच, ती विवेक गोम्बर यांची ‘झू एंटरटेनमेंट’, आणि उरलेले सारे निर्माते निव्वळ गल्लाभरू. गप्प बसावे म्हटले, जमले नाही. त्यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट मला मनापासून आवडतो, त्यामुळे त्या बाजूने कोणी अंगावर येऊ नये. माझा आक्षेप हिशेबाचा आहे. ‘झू’ने २०१४ मध्ये ‘कोर्ट’ केला, २०२० मध्ये ‘द डिसायपल’ केला, आणि दोन्हींचे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेच आहेत. एका गुणी मित्रावर पैसे लावणे हा दिलदारपणा झाला. त्याला नवोदितांची पाठराखण कसे म्हणायचे? याउलट नवलखा आर्ट्स आणि होली बेसिल या निर्मिती संस्थांनी ‘फँड्री’च्या रूपाने नागराज मंजुळे यांना पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट करू दिला. मंजुळे यांनी पुढे आपले छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्याकडे ‘नाळ’ (२०१८) सोपवला, ज्याला दिग्दर्शकीय पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०२३ मध्ये हेमंत अवताडे यांच्याकडे ‘घर बंदूक बिरयानी’. ज्याला संधी मिळाली त्याने पुढच्याला वर ओढावे, याला मी पाठराखण म्हणतो.

मॅटिनी_एकटा :
आपण डोकी मोजता आहात, मी सबुरी मोजतो. ताम्हाणे यांच्या गाठीशी तेव्हा जेमतेम एक लघुपट आणि एक नाटक होते, आणि अशा अननुभवी मुलाला गोम्बर यांनी दरमहा ठरावीक रक्कम देऊन केवळ लिहायला बसवले. संहिता हाती पडण्याआधी मराठीतला कोणता निर्माता खिशात हात घालतो? येथे आधी ‘वनलाइन ऐकवा’ म्हणतात, मग ‘हिरो कोण’ विचारतात, आणि तिसऱ्या बैठकीला गाणी कुठे येतील यावर चर्चा सुरू होते. ‘कोर्ट’मधल्या लोकशाहीर नारायण कांबळेच्या भूमिकेत वीरा साथीदार यांच्यासारखा चळवळीतला कार्यकर्ता आला तो या सबुरीमुळेच. पुढे व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात ओरिझोंती या नव्या प्रवाहांच्या विभागातले सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक, इकडे सुवर्णकमळ, शिवाय भारताकडून ऑस्करची प्रवेशिका, हे आपल्याला ठाऊकच आहे. आपण सोयीस्करपणे गाळलीत ती गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या चित्रपटाला हार घालायला पुष्कळ जण येतात, दुसऱ्याच्या वेळी फोनही उचलत नाहीत. ‘झू’ने उचलला.

तिसरी_घंटा :
उचलला खरा, पण तो दुसरा चित्रपट येथल्या चित्रपटगृहांत लागलाच नाही, २०२१ मध्ये थेट नेटफ्लिक्सवर गेला. पहिल्यालाही रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स निधीचे साहाय्य होते, तेव्हा सारे श्रेय एकाच संस्थेच्या पदरात टाकू नये.

उसनी_गाडी :
तुम्हा दोघांनाही निर्माता आणि दिग्दर्शक सोडून चित्रपटात तिसरा माणूस दिसत नाही. एका नवोदिताच्या चित्रपटावर मी सातारा जिल्ह्यात सहायक दिग्दर्शक होतो. निर्माता स्वतःला अभिमानाने ‘स्वतंत्र’ म्हणवणारा. पॅकअपच्या रात्री प्रॉडक्शन मॅनेजरने महसुली तिकीट चिकटवलेले व्हाउचर पुढे केले. त्यावर माझे नाव होते, तारीख होती, फक्त रकमेची जागा कोरी होती. ‘सही कर, आकडा ऑफिसात भरतील,’ म्हणाला. मी सही केली. पैसे आजतागायत आलेले नाहीत. त्या चित्रपटाच्या महोत्सवातल्या खेळानंतर मंचावरून ‘आमच्या सगळ्या टीमने प्रेमापोटी काम केले’ असे सांगण्यात आले, तेव्हा मी प्रेक्षकांत बसून टाळ्या ऐकत होतो. नवोदितांना हात देणाऱ्यांचे गुणगान चालू असताना, तो हात नेमका कोणाच्या खिशात असतो, हेही कोणीतरी विचारायला हवे.

शेवटची_रांग :
हे रडगाणे प्रत्येक धाग्यावर येते. आम्हीही सुरुवातीला फुकट राबलो, क्लॅप मारली, चहा आणला, आणि त्यातूनच शिकलो. तुटपुंज्या भांडवलात प्रत्येक जण पूर्ण मानधन मागू लागला तर असे चित्रपट होणारच नाहीत. ज्यांना दरमहा नियमित पैसे हवेत त्यांनी मालिका कराव्यात.

उसनी_गाडी :
मालिकेत पैसे नियमित मिळतात, हे आपल्याला कोणी सांगितले? तेथे नव्वद दिवसांची उधारी हा शिरस्ता आहे, आणि नव्वदाचे एकशे वीस कधी होतात ते कळतही नाही. आपण शिकलात याचा आनंद आहे, पण कॅमेऱ्याचे भाडे कोणी प्रेमापोटी माफ करतो का? जनरेटरवाला ॲडव्हान्स हाती पडल्याशिवाय गाडी जागची हलवत नाही. त्या सेटवर फुकट मिळतो तो फक्त माणूस, आणि आपल्यासारखे लोक त्याला संस्कार म्हणतात.

शेवटची_रांग :
वैयक्तिक होऊ नका. मी तत्त्वाचे बोलत होतो.

मॅटिनी_एकटा :
तत्त्व राहू द्या, पण उसनी_गाडी यांनी नकळत माझीच बाजू मांडली आहे. लेखनाच्या काळात दरमहा पैसे देणे म्हणजे विचार करणे हेही काम आहे, असे मान्य करणे. एकदा हे मान्य केले की सहायकाचा दिवस फुकट धरणे कोणत्याही निर्मात्याला अवघड जावे.

तिसरी_घंटा :
बरे, या एका मुद्द्यावर ‘झू’ला शंभरपैकी शंभर, पेढे वाटा. तरीही एका माणसाच्या दानतीवर ही व्यवस्था चालणार नाही, हे माझे म्हणणे कायम आहे. राज्य शासनाचे अनुदान पाहा : ते मिळते दर्जानुसार, आणि तेही चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण समितीने पाहिल्यानंतर. म्हणजे ज्याला आधी कर्ज मिळू शकते, किंवा ज्याची शेतजमीन विकण्याजोगी आहे, त्यालाच नंतर मदत. यातला छोटासा हिस्सा जरी संहितेच्या टप्प्यावर दिला, तरी निदान काही जणांना एखाद्या गोम्बरांची वाट पाहावी लागणार नाही. आणि मंजुळे यांच्या ‘आटपाट’ या निर्मिती संस्थेबद्दल कोणी ‘ते तर झी स्टुडिओजच्या बळावर’ असे म्हणण्याआधीच सांगतो, हो, त्यांना ते पाठबळ होते. पण त्या बळाचा उपयोग त्यांनी दुसऱ्यांना दिग्दर्शक करण्यासाठी केला.

उसनी_गाडी :
मग त्याच अनुदानाच्या अर्जासोबत सर्व सहायकांचे आणि कामगारांचे मानधन बँकेतून चुकते केल्याचा पुरावा जोडण्याची अट घाला. प्रेमापोटी झालेले किती चित्रपट त्यातून पार पडतात ते पाहू.

शेवटची_रांग :
जरूर घाला. पैसे खात्यात जमा होतील आणि दुसऱ्या दिवशी प्रॉडक्शन मॅनेजर ते रोख परत मागायला येईल, एवढाच काय तो फरक पडेल.