मदत हवी आहे: बटाट्यात दोन-दोनचे गट दिसताहेत, जनुकामुळे की तापमानामुळे?

नमस्कार मंडळी,

द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या, बटाट्यावर काम करतेय. झाडात 24 गुणसूत्रं, म्हणजे परागकणात 12 यायला हवीत. एका क्लोनमध्ये मात्र काही कणांत पूर्ण 24 जात असावीत असा संशय आहे. कळीतला परागकोश ॲसिटोकार्मिनमध्ये (गुणसूत्रं रंगवणारं द्रावण) चिरडला की एरवी एकाच पारदर्शक आवरणात चार पेशी, म्हणजे पुढचे परागकण, बिलगलेल्या दिसतात. या क्लोनमध्ये मधूनच दोनचा गट येतो, पेशी चांगल्या ठसठशीत. कधी तीनचा, त्यात एक मोठी आणि दोन लहान.

पहिल्या खेपेला शंभर गटांत 10 दोनचे आणि 10 तीनचे मिळाले, म्हणजे 20 टक्के. दुसऱ्या खेपेला तोच क्लोन, कंदापासूनच वाढवलेला, आणि शंभरात जेमतेम तीन. आमच्या मार्गदर्शकांच्या मते हे जनुकाचं काम आहे. सीनियर म्हणतो, मध्यंतरी ग्रोथ चेंबर बिघडला होता, उष्णतेनं झालं. फुलं उमलली त्या दिवसांचं तापमान माझ्याकडे टिपलेलं आहे, दोन्ही वेळा 22 अंशांच्या आसपास. मग कोणाचं खरं मानू? आणि हे दोनचे गट म्हणजे पुढे चार होणारं अर्धवट विभाजन तर नाही ना?

कळीतला किडा:
शेवटचं आधी. गहू-मक्यासारख्या एकदलात मिओसिसच्या (गुणसूत्रं निम्मी करणारं, दोन टप्प्यांचं पेशीविभाजन) पहिल्या विभाजनानंतरच भिंत येते, तिथे कोवळा दोनचा गट हमखास फसवतो. बटाट्यात दोन्ही विभाजनं उरकल्यावर एकदमच भिंती पडतात. त्यामुळे भिंत घातलेले दोन दिसले तर ते दोनच राहणार. खात्रीसाठी पिकलेले परागकण मोजा. 24 गुणसूत्रांच्या कणाचं आकारमान दुप्पट, म्हणजे व्यास साधारण सव्वापट. दुप्पट व्यासाचे कण शोधत बसू नका, मी बसलो होतो!

टक्केवारी मात्र चुकली आहे. गट नव्हे, कण मोजायचे. दहा दोनच्या गटांतून 20 मोठे कण, दहा तीनच्या गटांतून 10, एकूण 30. सगळे कण 20 + 30 + 320 = 370. म्हणजे आठ टक्के, वीस नाही.

तर्कू:
दोघांचंही खरं असू शकतं. दुसऱ्या विभाजनात दोन तर्कू (गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे धाग्यांचे जुडगे) एकमेकांशी कोन करून असतात, म्हणून चार टोकं चार दिशांना जातात. ते समांतर झाले की टोकं जवळ येतात आणि गुणसूत्रांचे दोन संच एकाच केंद्रकात अडकतात. एका बाजूचीच टोकं जुळली तर तुमचा तीनचा गट. बटाट्यात ही सवय एका अप्रभावी जनुकाशी जोडली गेली ती 1975 मध्ये. अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपात पीएस-1 आणि जेसन ही जनुकं बिघडली की असंच होतं. ओएसडी-1 बिघडलं तर दुसरं विभाजनच होत नाही.

पण जनुकं शाबूत असलेल्या गुलाबालाही उष्णतेचा झटका दिला की तर्कूंची दिशा बिघडते, हे 2011 मध्ये दाखवलं गेलं. अराबिडॉप्सिसमध्ये थंडीनं वेगळीच खोट येते. केंद्रकं नीट होतात, पण मधल्या भिंती धड पडत नाहीत, हे 2012 चं काम. त्यात तुमचा क्लोन दोन जातींच्या संकरातून आलेला असेल तर आणखी सावध राहा. संकरांत असे कण कितीतरी जास्त असतात.

तापमान तुम्ही चुकीच्या दिवसाचं टिपलंय. मिओसिस फूल उमलायच्या बरेच दिवस आधी, बारक्या कळीत होऊन जातं. चेंबर बिघडला ती तारीख आणि त्या दिवशी कळ्या केवढ्या होत्या, ते काढा.

धागाकर्ती:
बापरे, कणांचं गणित माझ्या डोक्यातच आलं नाही. चेंबरच्या नोंदी काढल्या. बिघाड फुलं यायच्या आधीच्या आठवड्यातला निघाला.

आता असं ठरवतेय: हा क्लोन आणि कधीच दोनचे गट न देणारा दुसरा, दोन्ही कंदांपासून वाढवायचे, अर्धे नेहमीच्या तापमानात, अर्धे गरम चेंबरमध्ये. नेहमीच्या तापमानातही पहिल्यातच गट दिसले तर जनुक, उष्णतेत दोघांत सारखेच वाढले तर तापमान.

तर्कू:
आणि पहिल्यात दुसऱ्यापेक्षा फारच जास्त वाढले तर? मला तीच शक्यता मोठी वाटते. जनुकानं दार किलकिलं ठेवलेलं, उष्णतेनं ढकललं. एकाच झाडाच्या दोन फुलांतही आकडे हलतात, तेव्हा दर झाडाच्या बऱ्याच कळ्या घ्या.

कळीतला किडा:
जोडीला चतुर्गुणित (चार संचांच्या) मादीवर याचे पराग टाकून बघा. साध्या कणांपासून होणारं त्रिगुणित (तीन संचांचं) बी भ्रूणपोष, म्हणजे बीतला गर्भाला पोसणारा भाग, बिघडून बहुतेक मरतं. जे बी धरेल ते जवळपास सगळं मोठ्या कणांचं.

धागाकर्ती:
हे आवडलं. फक्त एक: कळी फोडल्याशिवाय आत मिओसिस चालू आहे हे कसं ओळखायचं? निम्म्या कळ्या वाया जातात.

कळीतला किडा:
लांबी मोजून तक्ता करा, दर क्लोनचा वेगळा. फुलात पाच परागकोश असतात आणि ते बहुधा एकाच टप्प्यावर असतात. एक चिरडा, चार राखून ठेवा.