करिंथची पंगत

बायबलच्या नव्या करारात आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याची पत्रं आहेत, तसंच याकोबाचंही एक पत्र आहे. पौलाच्या पत्रांत नुसती विश्वासाची तत्त्वचर्चा आहे, रोजच्या जगण्याचं हवं तर याकोबाकडे जावं, असं काही जण म्हणतात. याकोबाबद्दल मान्य. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी बसवणं, हे त्याने झोडपलंय त्याला तोड नाही. पण पौलाबद्दलचं पटत नाही.

ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पौलाने लिहिलेलं ‘करिंथकरांस पहिलं पत्र’, अध्याय 11 बघा. साधारण इ.स. 55 चं हे पत्र. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकरी आणि प्याला घेण्याचा विधी, तेव्हा खरंखुरं जेवण असायचं, कुणाच्या तरी घरी. तिथे एक जण उपाशी राहतो नि दुसरा पिऊन झिंगतो, असं पौल लिहितो. बऱ्याच अभ्यासकांचा कयास असा, की सधन मंडळी आधी येऊन जेवण उरकत आणि गुलाम, मजूर काम सुटल्यावर पोचेपर्यंत फारसं काही उरत नसे. पौल हा नुसता गैरशिस्तीचा प्रकार मानत नाही. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, हे प्रभुभोजनच नव्हे, असं सरळ सुनावतो. उपाय काय सांगतो? एकमेकांसाठी थांबा. उपासनेत आजही म्हटले जाणारे भाकरी आणि प्याल्याबद्दलचे येशूचे शब्द याच खरडपट्टीच्या मधोमध आलेत, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. विधी चालू असताना ही बाजू सहसा कुणी वाचत नाही.

याच पत्राच्या अध्याय 16 मध्ये तर यरुशलेमच्या ख्रिस्ती बांधवांसाठी वर्गणीची रीतच घालून दिलीय: आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने कमाईच्या मानाने बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर गोळा करत बसायला नको.