शब्दचर्चा : ‘सिल्व्हर प्लेट’ म्हणजे चांदीची बशी नव्हे

प्रश्न
इंग्लंडमधल्या जुन्या चांदीच्या भांड्यांच्या यादीचा अनुवाद करायचा आहे. भांडी सगळी न्याहारीच्या टेबलावरची. ‘फॅमिली प्लेट’, ‘ओल्ड शेफील्ड प्लेट’ आणि ‘इलेक्ट्रोप्लेट’ हे शब्द सारखे येतात. तिन्हींना ‘चांदीचा मुलामा’ चालेल का? आणि ‘एग क्रुएट’ला (उकडलेली अंडी वाढायच्या पेल्यांच्या संचाला) मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद १
नाही चालणार. जुन्या इंग्रजीत ‘प्लेट’ म्हणजे घरातला सोन्याचांदीच्या भांड्यांचा ऐवज. स्पॅनिशमध्ये चांदीला ‘प्लाता’ म्हणतात, हा शब्द त्याच कुळातला. त्यामुळे ‘फॅमिली प्लेट’ म्हणजे सरळ ‘घरची चांदी’. ती बहुतेक वेळा हजारात ९२५ भाग शुद्ध असते आणि तिच्यावर शुद्धतेची खूण म्हणून चालत्या सिंहाचा छाप असतो.

‘ओल्ड शेफील्ड प्लेट’ ही निराळीच चीज. १७४३च्या सुमारास इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातल्या थॉमस बोल्सोव्हर या कारागिरानं तांब्याच्या लगडीवर चांदीचा पत्रा तापवून एकजीव केला आणि दोन्ही मिळून लाटले. म्हणजे आधी चांदी चढली, भांडं नंतर घडलं. मुलाम्यात क्रम उलटा असतो. म्हणून इथे ‘चांदीचा पत्रा चढवलेलं तांबं’ असं लिहा, लांबलं तरी चालेल. १८४०च्या एल्किंग्टनच्या पेटंटनंतरचं ‘इलेक्ट्रोप्लेट’ मात्र खरा मुलामा : तयार भांडं द्रावणात बुडवून विजेनं चांदी बसवलेली.

प्रतिसाद २
हा फरक डोळ्यांनाही दिसतो, म्हणून वर्णनात नेमका शब्द हवा. शेफील्डचा पत्रा कापला की कडेला तांब्याची लाल रेघ उघडी पडते. ती झाकायला कडेवर चांदीची तार डाखलेली असते; नख फिरवून पाहा. कुलचिन्ह कोरायचं तर पातळ चांदीतून तांबं वर येणार, म्हणून तेवढ्या जागी जाड चांदीचा तुकडा बसवत. त्यावर तोंडाची वाफ सोडली की तुकड्याची कड क्षणभर उमटते. घासून घासून तांबं दिसू लागलेलं भांडं पुन्हा मुलाम्याला देऊ नये. ओळखीच्या या सगळ्या खुणा त्याखाली जातात आणि किंमतही.

प्रतिसाद ३
यादीत ‘ई.पी.एन.एस.’ (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) असेल तिथे जपून. चार अक्षरं चार चौकटींत छापलेली असतात आणि घाईत हॉलमार्कसारखी वाटतात. आत असतं निकेल सिल्व्हर, म्हणजेच जर्मन सिल्व्हर : तांबं, जस्त आणि निकेल. चांदी फक्त वरच्या मुलाम्यात. ते नुसतं ‘जर्मनचं’ लिहिलंत तर कित्येक वाचकांना अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आठवेल. ‘जर्मन सिल्व्हरवर चांदीचा मुलामा’ असं पूर्ण लिहा.

‘ब्रिटानिया’चीही अशीच जोडी. ब्रिटानिया सिल्व्हर म्हणजे ९५.८ टक्के चांदी. १६९७ ते १७२० या काळात इंग्लंडमध्ये तीच सक्तीची होती. ब्रिटानिया मेटल म्हणजे कथील, अँटिमनी आणि थोडं तांबं. त्यात चांदी अजिबात नाही.

प्रतिसाद ४
एग क्रुएट आकारानं आपल्या पंचपाळ्याच्या जवळचं : मधोमध उभी मूठ, भोवती पाळी. पण पंचपाळ्याची पाळी एकमेकींना जोडलेली असतात, इथले चार किंवा सहा पेले उचलून निघतात आणि चमचे वेगळे अडकवलेले असतात. ‘पंचपाळं’ हा शब्द वर्णनात उपमा म्हणून चांगला, नाव म्हणून नको. ‘दाणी’ हा प्रत्यय आपल्याकडे रुळलेला आहे (अत्तरदाणी, फुलदाणी), तेव्हा सुट्या पेल्याला ‘अंडेदाणी’ आणि पूर्ण संचाला ‘अंडेदाण्यांची घडवंची’ म्हणता येईल. सुट्या भागांवर वेगळे छाप असावे लागतात. छापातलं वर्ष दाखवणारं अक्षर घडवंचीवर एक आणि पेल्यावर दुसरं निघालं तर संच मागाहून जुळवलेला असू शकतो.

प्रश्नकर्ता
‘घडवंची’ आवडली. त्यातल्या चमच्यांपुढे ‘गिल्ट’ लिहिलंय. ‘गिलिटाचे चमचे’ लिहू का?

प्रतिसाद ४
नको. ‘गिलिटाचे’ म्हटलं की आपल्याला खोटे दागिने आठवतात. हे चमचे अस्सल चांदीचे आहेत, फक्त खोलगट भागावर सोनं चढवलेलं. बलकातल्या गंधकानं चांदी काळी पडते, सोनं पडत नाही. मिठाच्या वाट्यांनाही आतून सोनं असतं, कारण मीठ चांदी खातं. ‘खोलगट भागावर सोन्याचा मुलामा’ असंच लिहा. जपणुकीच्या सूचनेत, हा भाग पॉलिशनं रगडू नये, कोमट साबणपाण्यानं धुऊन लगेच पुसावा, हेही घाला.