दोन दिवसांसाठी माझं मत ग्राझला

ऑस्ट्रियात व्हिएन्नाला जोडून दोन दिवस साल्झबर्गला जावं की ग्राझला, असं एकाने विचारलंय. साल्झबर्ग सुंदरच आहे, पण उन्हाळ्यात गर्दीत चेंगरायला होतं. खाण्यापिण्याची आवड असेल तर सरळ ग्राझ. व्हिएन्नाहून ग्राझला जाणारी रेल्वे सेमरिंगच्या घाटातून जाते. हा मार्ग 1854 सालचा, खिडकीची जागा पकडाच.

ग्राझमधल्या श्लॉसबर्ग टेकडीवर 260 पायऱ्या चढून जा (गुडघे कुरकुरत असतील तर लिफ्ट आहे). वरच्या मनोऱ्यावरच्या घड्याळात मोठा काटा तासाचा आणि छोटा मिनिटाचा! आधी एकच मोठा तासकाटा होता, मिनिटाचा नंतर बसवला. 1809 मध्ये नेपोलियनच्या फौजांनी टेकडीवरचा किल्ला पाडायला घेतला, तेव्हा गावकऱ्यांनी पैसे भरून हा मनोरा वाचवला. शहरातल्या जुन्या शस्त्रागारात (आता संग्रहालय) हजारो चिलखतं आणि भाले आहेत. मुलं बरोबर असतील तर तिथे अर्धा दिवस सहज जातो.

आता मुख्य मुद्दा, भोपळ्याच्या बियांचं तेल. ग्राझ ज्यात येतं त्या स्टायरिया प्रांताची ही खासियत. बाटलीत इंजिन ऑइलसारखं काळंकुट्ट, पांढऱ्या ताटलीत पसरलं की हिरवंगार, वासाला खमंग. केफरबोनं नावाच्या टपोऱ्या, ठिपकेदार, राजमासदृश दाण्यांची कोशिंबीर कच्चा कांदा आणि हे तेल घालून देतात. शाकाहाऱ्यांची मस्त सोय. व्हॅनिला आइस्क्रीमवरही ओततात, नाक मुरडू नका. तेल कैसर जोसेफ चौकातल्या शेतकरी बाजारातून घ्या, पण सकाळीच. रविवारी तो बंद असतो. आणि बाटली चेक-इन बॅगेतच टाका.