मदत हवी आहे: बासमतीच्या पिशव्यांतून फॉलची (पानगळीच्या ऋतूची) सजावट

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत राहतो. ऑक्टोबर लागला की गल्लीत प्रत्येक दारावर रीथ (दाराला टांगायचं पानाफुलांचं गोल कडं) आणि पायरीवर भोपळे दिसतात. लेकीला आपलंही दार तसंच हवंय. दुकानातल्या रीथची किंमत बघून मी तो गुपचूप परत ठेवला!

घरात बासमतीच्या तागाच्या चार रिकाम्या पिशव्या, सुतळी, लोणच्याच्या बरण्या आणि ड्राय क्लीनरकडचे तारेचे हँगर आहेत. हँगर गोल वाकवून त्यावर तागाच्या पट्ट्या गुंडाळल्या, ते छान जमलं. अगदी गावाकडचं वाटतंय. पाइनचे कोन वेचून आणले आणि किडे मरावेत म्हणून २०० फॅरनहाइटवर अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवले. घरभर राळेचा वास सुटला, नवरा अजून बोलतोय.

अडलंय ते मेपलच्या पानांवर. लालबुंद पानं दोन दिवसांत आक्रसून तपकिरी होतात. मेणकागदात घालून इस्त्री केली तर रंग राहिला, पण पानं प्लॅस्टिकसारखी दिसतात. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी असं कुणी करून पाहिलंय का? किती दिवस बुडवायची? लाल रंग टिकतो का? थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारपर्यंत, रीथ तग धरायला हवा.

आणि हो, खारूताया भोपळे कुरतडतात. मिरचीपूड लावली तर पावसात धुऊन गेली. भाड्याचं घर आहे, दाराला खिळा चालणार नाही. रीथ कशावर टांगू?