मागच्या दाराचे दोन हट्टी स्क्रू

दादा, गाव: काका, नमस्कार. मागच्या सागवानी दाराची खालची बिजागरी गंजून मोडली असून दार उंबऱ्याला घासते आहे. काल पेचकस लावला, तेव्हा सहापैकी चार स्क्रू निघाले. एक जागचा हलत नाही आणि एकाची खाच गुळगुळीत झाली. फोटो टाकला आहे. रॉकेल टाकून रात्रभर ठेवावे काय?

काका, बल्लारपूर: रॉकेल टाकू नकोस. स्क्रू लाकडात गंजला, की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आजूबाजूचे लाकूड आवळून धरतो. तिथवर तेल फारसे पोहोचत नाही, उलट लाकूड तेल पिऊन बसले की पुढे भोकात फेव्हिकॉल धरत नाही. फोटोवरून अडलेला स्क्रू जुना मायनस खाचेचा दिसतो व त्याच्या खाचेत ऑइल पेंट भरलेला आहे. तो आधी ओला करून पत्तीने कोरून काढ. कोरडा घासू नकोस, कारण घरगुती रंगांतील शिशासाठी ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली आणि आपले दार त्याहून बरेच जुने आहे, म्हणजे त्या रंगाच्या धुळीत विषारी शिसे असू शकते. मग खाचेच्या पूर्ण लांबीला भिडेल असा पेचकस ठेवून मुठीवर हातोडीचे तीन-चार ठोके दे, आधी स्क्रू किंचित आवळ आणि नंतरच उलटा फिरव. तरी हलला नाही, तर तापलेला सोल्डरिंग आयर्न त्याच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटे धर. लोखंड तापून फुगते व थंड होताना आकसते, त्यात पकड ढिली होते.

ताई, वणी: गुळगुळीत झालेल्या प्लस स्क्रूवर रबर बँड ठेवून पेचकस दाबावा, असे व्हिडिओत दाखवतात. मी कपाटाच्या स्क्रूवर करून पाहिले, तर रबराचा चुरा झाला.

काका, बल्लारपूर: खाच थोडी शिल्लक असेल, तरच रबर उपयोगी पडतो. प्लस खाचेत जोर वाढला की टोक आपोआप वर सरकते व कडा खाते, म्हणून फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त बळ लागते. आपण नेमके उलटे करतो. या स्क्रूचे डोकेच ड्रिलने उडवावे लागेल. मधोमध खिळ्याने खूण कर, स्क्रूच्या दांड्याहून किंचित जाड बिट लाव आणि मशीन हळू चालव. डोळ्यांना चष्मा हवाच. डोके सुटले की बिजागरीचे पान निघेल व उरलेला दांडा पकडीने धरून उलटा फिरवता येईल. दाराखाली पाचर मारली आहेस ना? वरच्या बिजागरीवर सगळा भार देऊ नकोस.

दादा, गाव: पाचर मारली आहे. जुना स्क्रू तापवल्यावर दुसऱ्या खेपेला कुरकुरत निघाला. प्लसचे डोके उडाले आणि दांडाही आला, मात्र त्या भोकाच्या कडा झिजल्या आहेत.

काका, बल्लारपूर: सागाचीच बारीक काडी फेव्हिकॉल लावून ठोक, एक दिवस वाळू दे, वरचे टोक चौकटीच्या पातळीत कापून त्यात बारीक भोक पाड. नव्या स्क्रूच्या आट्यांना मेण लावूनच आवळ, आणि पितळी स्क्रू आणले असशील, तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढ. पितळ मऊ असते, सागात थेट घातले तर मानेशी तुटते.

दादा, गाव: पितळीच आणले आहेत. लोखंडी एक शोधतो.