कोच मोठा की संघ मोठा? (रग्बी लीग बघून पडलेला प्रश्न, पण आमच्या कबड्डी मंडळासाठी)

अशोकचौक_रेडर

नमस्कार मंडळी. आमचं मंडळ सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे. या वर्षी वर्गणी बरी जमलीय आणि त्यावरून मीटिंगमध्ये दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, सांगली किंवा पुण्याकडून दोन दमदार रेडर मानधनावर आणू आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या स्पर्धा मारू. दुसऱ्याचं म्हणणं, त्याच पैशात वर्षभर कोच ठेवू.

माझा मावसभाऊ सिडनीत राहतो, त्याच्यामुळे मला रग्बी लीगचा नाद लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही १५ जणांची रग्बी नाही, १३ जणांची. बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडलं की एक टॅकल. असे सहा टॅकल झाले की बॉल समोरच्या संघाला. कबड्डी खेळलेल्या माणसाला हा खेळ लगेच कळतो.

तर प्रश्न असा. ऑस्ट्रेलियातल्या मुख्य लीगमधला ब्रिस्बेन ब्रॉन्कोज हा क्लब. ते २०२३ ला फायनलला गेले, हरले. २०२४ ला बाराव्या नंबरवर घसरले. मग कोच केव्हिन वॉल्टर्स गेला, मायकल मग्वायर आला आणि २०२५ ला बराचसा तोच संघ चॅम्पियन! फायनलला मध्यंतरात मेलबर्न स्टॉर्म २२-१२ ने पुढे होतं. नंतर ब्रॉन्कोजनी त्यांना एकही गुण दिला नाही, २६-२२ ने जिंकले. आपल्याकडे दुपारी दोनला सुरू झाला होता सामना, मी जेवणाचं ताट हातात घेऊनच बघत होतो.

म्हणजे सगळा कोचचाच खेळ का? मीटिंगमध्ये हे सांगितलं तर लोक म्हणतात, ऑस्ट्रेलियाचं इथं सांगू नको. जाणकारांनी मत द्यावं.

जुळे_सोलापूर_७७

कोच वगैरे ठीक आहे बे, पण मैदानात पोरं खेळतात. तूच सांगितलेली २०२३ ची फायनल घे. ब्रॉन्कोज २४-८ ने पुढे, शेवटची वीस-बावीस मिनिटं उरलेली. तिथून पेनरिथ पॅन्थर्सच्या नेथन क्लिअरीने सामना ओढला. एक ट्राय (बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) करून दिला, मग ४०/२० ची, म्हणजे आपल्या ४० मीटरच्या आतून मारून त्यांच्या २० मीटरच्या आत टप्पा खाऊन बाहेर जाणारी किक मारून बॉल परत आपल्याकडे घेतला, त्यावर दुसरा ट्राय झाला, आणि शेवटी स्वतःच घुसला. २६-२४. त्या वेळात बाकावर बसून कोच काय करणार? असा एक खेळाडू असला की कोच आपोआप हुशार ठरतो.

क्वीन्सलँडचंही तेच. २००६ ते २०१३, सलग आठ वेळा स्टेट ऑफ ओरिजिन, म्हणजे क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांची दर वर्षीची तीन सामन्यांची मालिका. कोच मॅल मेनिंगा. संघात लॉकियर, थर्स्टन, स्मिथ, स्लेटर, इंग्लिस. त्या संघाला तुझ्या मंडळाचा खजिनदार कोच म्हणून दिला असता तरी दोन-तीन मालिका निघाल्याच असत्या.

दोन रेडर आण. कप आला की पुढच्या वर्षी वर्गणी दुप्पट होईल.

मॅटवरचा_मास्तर

मी शहरातच पोरांना कबड्डी शिकवतो, कित्येक वर्षं झाली. रग्बी लीग बघतो ते टॅकल शिकायला. कमरेखाली कसं धरायचं आणि धरल्यावर पाय कसे चालू ठेवायचे, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. त्यामुळे या विषयावर मला बोलायलाच हवं.

२०२३ ची ती फायनल मी पोरांना दाखवतो, पण क्लिअरीसाठी नाही. क्लिअरी जन्मजात वेगळा आहे, त्याला बघून पोरं फक्त टाळ्या वाजवतात. मी दाखवतो तो जॅक कॉगर. हाफ म्हणजे चाली रचणारा खेळाडू, संघात असे दोन. पॅन्थर्सचा क्लिअरीच्या जोडीचा हाफ जरोम लुआई उत्तरार्धात खांदा दुखावून बाहेर गेला. लुआई म्हणजे क्लिअरीचा उजवा हात. २४-८ ने मागे, उजवा हात बाहेर, आणि बाकावरून हा कॉगर आत आला. पुढची सगळी मिनिटं बघा. तो कुठे उभा राहतो, पास कधी देतो, कधी नुसता धावून समोरच्या दोघांना स्वतःकडे ओढतो. संघाची घडी कुठेही विस्कटली नाही. क्लिअरीने जे केलं ते त्या घडीत राहून केलं. जुळे सोलापूरवाले दादा विचारतात, कोच काय करत होता. कोचचं काम त्या दिवसाच्या आधीच झालं होतं. ते काम म्हणजे कॉगर.

आता पॅन्थर्सची पूर्ण गोष्ट घ्या. २०२१, २२, २३, २४, सलग चार विजेतेपदं. तिथे पगारावर मर्यादा असते. जिंकलात की तुमच्या पोरांचा भाव वाढतो, सगळ्यांना ठेवणं परवडत नाही. पहिलं विजेतेपद झालं आणि बर्टन, केपवेल गेले. दुसऱ्यानंतर किकाऊ आणि कोरोइसाऊ. तिसऱ्यानंतर स्टीफन क्रायटन आणि लेनिऊ. सिरॅल्डो नावाचा सहायक कोचसुद्धा बुलडॉग्जचा मुख्य कोच होऊन गेला. दर वर्षी घरातले कर्ते गेले आणि तरी २०२४ च्या फायनलला मेलबर्नला १४-६ ने हरवलं. नुसत्या संघाच्या ताकदीवर हे झालं असतं तर दुसऱ्याच वर्षी कोसळले असते.

पण म्हणून कोच म्हणजे जादूगार असंही मी म्हणणार नाही. पॅन्थर्सचा कोच आयव्हन क्लिअरी, नेथनचा बाप. याच क्लबने त्याला २०१५ ला काढून टाकलं होतं. मग तो वेस्ट्स टायगर्सला गेला, तिथे बाद फेरीसुद्धा गाठता आली नाही. २०१९ ला पेनरिथला परत आला, पहिल्या हंगामात दहावा नंबर. तोच माणूस, तीच अक्कल. मग २०२० पासून काय बदललं? खालून पोरं आली. लुआई, ब्रायन टोओ, क्रायटन हे सगळे माउंट ड्रुइट भागातले, पश्चिम सिडनीतली कष्टकऱ्यांची वस्ती. लहान गटांपासून ही पोरं एकाच पद्धतीत वाढली. २०२२ ला तर पॅन्थर्सनी मुख्य स्पर्धेबरोबर राखीव संघाची, २१ वर्षांखालची आणि १९ वर्षांखालची अशा सगळ्या स्पर्धा एकाच वर्षात मारल्या. हा आकडा मीटिंगमध्ये सांगा. वरचा खेळाडू गेला की खालचा येतो तो आधीच तीच भाषा बोलत येतो.

माझ्या मते संघाची ताकद पहिल्या सातात मोजायची नसते, ती आठव्या ते बाराव्या पोरात मोजायची. आणि आठवा ते बारावा पोरगा विकत मिळत नाही, घडवावा लागतो. म्हणून मी कोचच्या बाजूचा.

आपल्याच कबड्डीत बघा. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात तेलुगू टायटन्सनी पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजाराला घेतलं. आपल्या पूर्व भागात टायटन्सचे चाहते पुष्कळ, सगळे खूश होते. पवनसारखा रेडर देशात नाही, याबद्दल वादच नाही. टायटन्स त्या हंगामात तळाला राहिले. रेडर एका चढाईत दोन गुण आणतो, तेवढ्यात मागे बचाव चार देतो, मग काय करणार तो तरी? त्याच हंगामात पुणेरी पलटण चॅम्पियन झाली. कोच बी. सी. रमेश, ज्यांनी आधी २०१९ ला बंगालला जिंकवलं होतं. कप्तान अस्लम इनामदार, नगर जिल्ह्यातला. पलटणनेही शादलूवर २ कोटी ३५ लाख खर्च केले, हे मी लपवत नाही. पण तो इराणी पठ्ठ्या आला तेव्हा त्याच्या आजूबाजूला पोरं घडलेली होती.

आता तुमच्या मंडळाचं. तुमची पोरं मी एका स्पर्धेत बघितलीत. रेडर वाईट नाहीत. गळती आहे ती उजव्या कोपऱ्यात. कोपऱ्यातला पोरगा घोटा धरतो, चांगला धरतो. पण शेजारचा कव्हर त्याच्या आधी उडी मारतो किंवा नंतर. आधी मारली तर रेडर सावध होऊन पाय काढतो. नंतर मारली तर तोवर तो लोळत मध्यरेषेला हात लावतो. कव्हरने घोट्याकडे बघायचंच नाही. रेडरची कंबर बघायची. घोटा अडकला की कंबर मागे झुकते, त्याच क्षणी आडवं होऊन मध्यरेषेचा रस्ता बंद करायचा. रग्बी लीगमध्ये बचावाची रांग याच कारणाने फुटते, एकजण अर्धं पाऊल आधी बाहेर येतो आणि त्याच्या खांद्याजवळून समोरचा निघून जातो. हे अर्धं पाऊल बाहेरून आणलेला रेडर दुरुस्त करणार नाही. तो सामन्याच्या आदल्या रात्री येणार, खेळणार, पाकीट घेणार, जाणार. त्याची चूक नाही, त्याला तेवढ्यासाठीच बोलावलंय.

जुळे_सोलापूर_७७

मास्तर, तुमचा मान आहे, पण इंग्लंडचं सेंट हेलेन्स विसरलात. २०१९ ते २०२२ सलग चार विजेतेपदं. पहिलं जस्टिन होलब्रूकच्या हाताखाली, पुढची तीन क्रिस्टियन वुल्फच्या. वुल्फ गेल्यावर पॉल वेलेन्स आला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच संघाने पेनरिथला जाऊन तुमच्या पॅन्थर्सना १३-१२ ने हरवलं. तीन कोच, संघ एक. होलब्रूक नंतर ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या क्लबला गेला, तिथे काही जमलं नाही. मग मोठं कोण?

कोपरा_क्रमांक_२

मी मुलींच्या संघातून खेळलेली आहे, आता नोकरी करते. दोघांच्याही बोलण्यात २०२० ची ओरिजिन आली नाही म्हणून लिहिते. क्वीन्सलँडचा कोच वॉल्टर्स ब्रॉन्कोजकडे गेला, ऐनवेळी वेन बेनेटला बोलावलं. सत्तरीचा माणूस. संघात नवखे इतके, की इतिहासातला सगळ्यात कच्चा क्वीन्सलँड संघ म्हणून हिणवलं गेलं. पहिला सामना १८-१४ जिंकले, दुसरा ३४-१० ने सपाटून हरले, तिसरा २०-१४ जिंकले. मालिका घेतली. दुसऱ्या सामन्यातल्या त्या मारानंतर पोरांना पुन्हा उभं करणं, हे काम कोच सोडून कोण करणार?

आणि एक गोष्ट. आमच्या संघातही एका वर्षी ऐन स्पर्धेत बाहेरची खेळाडू आणली होती. तिच्यासाठी जिला बसवलं ती वर्षभर दळण, स्वयंपाक, कॉलेज सांभाळून रोज सरावाला आलेली होती. स्पर्धेनंतर ती परत मैदानावर आली नाही. तिला घरून जेमतेम परवानगी मिळाली होती, आणि घरच्यांना कारण मिळालं. मंडळाने हाही खर्च धरावा.

मॅटवरचा_मास्तर

ताई, तुमचं म्हणणं मीटिंगमध्ये जसंच्या तसं वाचून दाखवावं, एवढंच म्हणतो.

दादा, सेंट हेलेन्सचा मुद्दा वजनदार आहे. कोच बदलूनही संघ जिंकू शकतो, मान्य. पण तो संघ आला कुठून? जेम्स रोबी तिथलाच, पूर्ण कारकीर्द त्याच क्लबात. १३-१२ मधला तो शेवटचा एक गुण, तो ड्रॉप गोल, मारला ल्यूइस डॉडने, क्लबच्याच अकादमीतून वर आलेला पोरगा. त्यांनाही कुणीतरी लहानपणी शिकवलंच ना? त्या कोचांची नावं पेपरात येत नाहीत. मेलबर्नचंही बघा, कॅमेरॉन स्मिथसारखा माणूस २०२० नंतर निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी कोच बेलामीच्या पोरांनी सलग १९ सामने जिंकले.

अशोकचौक_रेडर

सर, खूप आभार. उजव्या कोपऱ्याचं वाचून पोरं गप्पच झाली, कारण खरंय. पण अडचण सांगतो. निम्मी पोरं यंत्रमागावर पाळीत काम करतात. एका वेळी बाराजण कधीच मिळत नाहीत. आणि जानेवारीला फार महिने उरले नाहीत. कोच ठेवला तरी इतक्यात काय फरक पडेल? हरलो तर रेडरवाला तट आम्हाला जगू देणार नाही.

मॅटवरचा_मास्तर

जानेवारीत कप येईल असं मी सांगणार नाही. येणार नाही बहुतेक. क्लिअरीलाही परत आल्यावर पहिल्या हंगामात दहावा नंबर मिळाला, आणि त्याच्याकडे पूर्ण वेळ पगारी खेळाडू होते. मीटिंगमध्ये आधीच सांगून टाका, दोन हंगाम कोचला हात लावायचा नाही. हे लिहून घ्या आणि कार्यकारिणीच्या सह्या घ्या. नाहीतर फेब्रुवारीत कोचही जाईल आणि पैसेही.

बाराजणांची गरज नाही. पाळीनुसार दोन गट करा, सकाळपाळीवाले संध्याकाळी, रातपाळीवाले सकाळी कामावरून सुटल्यावर नाही, झोप झाल्यावर दुपारी चारनंतर. झोप न झालेल्या पोराला पकडीला उभं करू नका, गुडघा जातो. जोड्या मात्र एकाच पाळीतल्या निवडा. उजवा कोपरा आणि उजवा कव्हर वेगवेगळ्या पाळीत असले तर त्यांचा मेळ कधीच बसणार नाही. तुमच्याकडे मला वाटतं हेच झालंय, विचारून बघा. जमलं तर मुकादमाशी बोलून त्या दोघांची पाळी एक करून घ्या. रेडर आणण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

पहिले तीन आठवडे चढाईचा सराव बंद. फक्त जोडीची पकड, मग तिघांची साखळी. दर शनिवारी पहिल्या सातातले दोघं बसवून आठवा आणि नववा खेळवा, मुद्दाम.

पैसे उरले तर मॅटचे जुने तुकडे मिळतात का बघा, निम्म्या अंगणापुरते मिळाले तरी चालतील. मातीवर शिकलेली पोरं मॅटवर बूट घालून पहिल्यांदा उतरली की घसरतात, ते सामन्याच्या दिवशी होऊ नये. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला पोरांना घेऊन पार्क मैदानाजवळ या. आधी त्या दोघांना बघतो, बाकीचं नंतर ठरवू.